इंटरव्हलनंतरची शकू

"कोण मेलं?" शकूनं विचारलं.

भाग्योदय टॉकीजच्या फाटकातून मी ओढणीनं नाक पुसत बाहेर आले होते आणि रस्ता ओलांडून आमच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. इंटरव्हलची घंटा अजून वाजत होती.

"आई," मी म्हणाले.

शकूचा चेहरा उतरला. "कुणाची?"

"पिक्चरमधली. खोकून खोकून मेली. पोरगं उशाशी बसलेलं, ते औषध आणायला म्हणून बाहेर पडलं आणि परत येईपर्यंत..."

"इंटरव्हलच्या आधीच?" एसटी वेळेच्या आधी सुटल्यासारखं शकूनं विचारलं. "काहीतरीच काय बोलतीस? इंटरव्हलच्या आधी कधी आई मरती का?"

"मी डोळ्यांनी बघितलं, शके."

"बेशुद्ध पडली असंल. मी जाऊन बघते. तू पाणी पी, डब्यातले बेदाणे खा, आणि गिऱ्हाईक आलं तर त्याच्यापुढं रडत बसू नको." माझ्या हातातला पास ओढून घेऊन ती पळाली. पळता पळता तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

ही गोष्ट तासगावातली, केबल नुकतं गावात आलं होतं तेव्हाची. शकीला मुजावर आणि मी, प्रमिला कदम, अशा आम्ही दोघी माझ्या मामाचं दुकान सांभाळायचो. दुकान म्हणजे एका भिंतीला भाड्यानं द्यायच्या कादंबऱ्या, दुसऱ्या भिंतीला व्हिडिओ कॅसेट आणि मध्ये दोरीवर कपड्यांसारखी लटकवलेली कॉमिक्स. आदल्या शिमग्यात माझी आई गेली, तेव्हा मामानं मला गावाकडून आणून या दुकानात बसवलं होतं. शकू आधीपासून तिथं होती. पहिले काही दिवस मी कॅसेटवरची धूळ पुसण्यापलीकडं काही करत नव्हते आणि कुणाशी बोलत नव्हते. शकू मात्र दोघींच्या वाटणीचं बोलून घ्यायची.

दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर भाग्योदयचं पोस्टर लागायचं आणि त्या बदल्यात दर पिक्चरला टॉकीजकडून पास यायचा. पास एक, आम्ही दोघी. शिवाय दुकान उघडं टाकून दोघींनी जायचं म्हणजे मामाच्या शिव्या. म्हणून आम्ही पिक्चर वाटून घेतला होता. इंटरव्हलपर्यंत मी बघायची, इंटरव्हलनंतर शकू. ही वाटणी शकूनंच केली होती आणि तिच्यात ती कधी बदल करू द्यायची नाही. संध्याकाळी चहा पिता पिता मी तिला पूर्वार्ध सांगायची, ती मला उत्तरार्ध. गेटकीपरला सगळं ठाऊक होतं. पण एका पासावर एका वेळी एकच डोकं आत आहे ना, एवढंच तो बघायचा.

गिऱ्हाइकांशी आमची पिक्चरवरून चालणारी वादावादी एकदा केबलवाल्या विलासदादानं ऐकली आणि आम्हाला उचलून कॅमेऱ्यापुढं बसवलं. दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या लोकल चॅनलवर आमचा कार्यक्रम लागायचा, 'दोघींचं मत'. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत निळा पडदा, दोन खुर्च्या, टेबलावर फोन. कार्यक्रम थेट जायचा, कारण कॅसेटचा खर्च विलासदादाच्या जिवावर यायचा. आम्ही नवीन पिक्चर, टीव्हीवरच्या मालिका, दुकानात आलेली कॉमिक्स, सगळ्यावर मत द्यायचो. मालिकांवर आमचं एकमत व्हायचं, त्यामुळं तेवढ्या वेळात लोक जेवून घ्यायचे. पिक्चरवर मात्र आमचं कडाक्याचं भांडण जुंपायचं आणि ते बघायला अख्खं गाव टीव्हीपुढं.

भांडण खरंच होतं. इंटरव्हलच्या आधी पिक्चरमध्ये काय असतं? गाणी, सायकलींची टक्कर, चहात मीठ. इंटरव्हलनंतर काय असतं? कोर्ट, रक्त आणि पाऊस. मला प्रत्येक पिक्चर गोड वाटायचा आणि शकूला प्रत्येक पिक्चर नकोसा व्हायचा. गावानं त्यावरून आमचे स्वभाव ठरवून टाकले. मी आनंदी, हसतमुख, घरात सून म्हणून यावी अशी. शकू कडक, हिशेबी, जिभेला धार असलेली. प्रत्यक्षात दुकानात रुसून बसणारी मी आणि हसवणारी ती. पण टीव्हीवर दिसलेलं खोटं कसं असेल?

एका गोष्टीवरून मात्र लोक मला हसायचे आणि ते का, हे मला कळायचं नाही. कार्यक्रमात मी कधीतरी म्हणून जायची, "शेवटी आई वाचते ते फार बरं केलं." शकू लगेच टेबलावर हात आपटून दुसराच विषय काढायची. दुसऱ्या दिवशी मंडईत लोक विचारायचे, "काय पमाताई, या आठवड्यात आई वाचली का?" मी म्हणायची, "वाचली की." आणि भाजीवाल्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, आपलं बोलणं लोकांना आवडतंय.

तर त्या शुक्रवारी शकू पिक्चर बघून परत आली ती गुणगुणत. इंटरव्हलनंतरची शकू गुणगुणत येते हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"पमे, कसला गोड पिक्चर आहे! जत्रा काय, पाळणे काय, त्या पोराची शाळेची पहिली फजिती काय. आणि तुझी ती आई जिवंत आहे. ठणठणीत. पोराला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरती."

"अगं, पण मी तिला तिरडीवर..."

"फ्लॅशबॅक असंल. नवीन फॅशन आहे. आता तर नावंसुद्धा इंटरव्हलनंतर दाखवतात."

"पण मेली ना ती?"

शकूनं बेदाण्यांचा डबा बंद केला. "पिक्चरच्या शेवटी जिवंत आहे. शेवट महत्त्वाचा असतोय."

हे बोलणं चालू असतानाच विलासदादा स्कूटरवरून उतरला. त्याचा शर्ट घामानं भिजला होता.

"पोरींनो, उद्या नीट बसायचं. या पिक्चरचे डायरेक्टर सावर्डेकर स्वतः कार्यक्रमाला येणार आहेत. आपल्याच तालुक्याचे. आणि सांगलीच्या इनामदारबाई येणार आहेत."

इनामदारबाईंचं नाव काढल्याबरोबर शकूचं गुणगुणणं थांबलं. सांगलीच्या मोठ्या केबलवर बाई बातम्या आणि मुलाखती सांभाळायच्या आणि त्यांना एक मुलगी हवी होती. शकूनं अर्ज केला होता. तिच्या अब्बांनी सांगून ठेवलं होतं की नोकरी पक्की झाली तर सांगलीची एसटी, नाहीतर येत्या ईदनंतर जयसिंगपूरच्या टेम्पोवाल्याशी निकाह. टेम्पोवाला वाईट नव्हता. पण तो दुकानात आला होता तेव्हा शकूनं त्याला मुद्दाम विचारलं होतं, कुठला पिक्चर आवडतो. तो म्हणाला होता, पिक्चर लागला की मला झोप लागते. शकूनं त्या रात्री जेवण केलं नव्हतं.

"बाईंना कडक बोलणारी मुलगी आवडते," विलासदादा म्हणाला. "शकीला, उद्या हातचं राखू नको."

"पण दादा, मला तर या वेळी पिक्चर आवडलाय."

"आणि मला नाही आवडला," मी म्हणाले.

विलासदादानं आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं. "उद्याच आवडायचा होता होय तुला?" असं म्हणून तो कपाळाला हात लावून निघून गेला.

शनिवारी संध्याकाळी सावर्डेकर आले. सफारी सूट, दाढी आणि बोलण्याआधी डोळे मिटायची सवय. त्यांच्या पिक्चरची एकच प्रिंट दोन गावांत फिरत होती. ते स्वतः शेजारच्या तालुक्याच्या गावी होते आणि तासगावचा खेळ त्यांनी बघितला नव्हता. इनामदारबाई कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि ती सबंध वेळ उघडली नाही.

शकूनं सुरुवात छान केली. तिचा आवाज पहिल्या वाक्यात थोडा कापला, मग लागला. "सावर्डेकरसाहेब, मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, हे गावाला माहीत आहे. पण तुमच्या पिक्चरचा शेवट बघून मी हसत घरी गेले."

सावर्डेकरांनी डोळे उघडले. "हसत?"

"हो. तो जत्रेचा शेवट. आई पोराला खांद्यावर घेते, पोरगं तिच्या डोक्यावर पिपाणी वाजवतं."

"ताई, ती सुरुवात आहे."

"सुरुवात कशी असेल?" मी मध्ये पडले, कारण शकूला कोण काही बोललं की मला राहवत नसे. "सुरुवातीला तर आई मरते. मला तेच सहन झालं नाही. एवढ्या लवकर कशाला मारलीत तिला?"

"आई शेवटी मरते हो." सावर्डेकर माझ्याकडं, मग शकूकडं, मग कॅमेऱ्याकडं बघायला लागले. "दोघींनी माझाच पिक्चर बघितलाय ना?"

इनामदारबाईंनी स्टूल थोडं पुढं ओढलं. शकूच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, आता काहीही करून हा माणूस गप्प बसला पाहिजे. म्हणून मी आवाज चढवला.

"साहेब, तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगते. शेवटी आई मरते असा पिक्चर कुणी काढत नाही. शेवटी आई वाचते. पिक्चरची पद्धतच आहे ती."

"कुठल्या पिक्चरमध्ये वाचली?"

"सगळ्याच. दिवाळीत तो फौजदाराचा पिक्चर आला होता, त्यात आईला गोळी लागते, पण गोळी मंगळसूत्राला लागून बाजूला जाते. गणपतीत दोन भावांचा आला होता, त्यात आई पुरात वाहून जाते आणि खालच्या गावात सापडते. त्याच्या आधी तो गाडीवाल्याचा..."

सावर्डेकर हसायला लागले, मग हसणं आवरून म्हणाले, "ताई, फौजदाराच्या पिक्चरमध्ये ती मरते. सरणावर एक अख्खं गाणं आहे. पुरात गेलेली कुठंच सापडत नाही. ते दोघे भाऊ तिच्या नावानं नदीत दिवा सोडतात आणि पिक्चर संपतो. हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

मी शकूकडं बघितलं. शकू टेबलक्लॉथच्या सुटलेल्या दोऱ्याशी खेळत होती. जिभेला धार असलेली शकू मान वर करून माझ्याकडं बघत नव्हती.

एवढ्या सगळ्या बायका. गोळी लागलेली, पुरात गेलेली, टीबीनं खंगलेली, विष प्यायलेली. एकेक करून त्या सगळ्या संध्याकाळच्या चहाबरोबर शकूनं मला जिवंत करून आणून दिल्या होत्या. आणि वाटणी तिनंच केली होती. इंटरव्हलनंतरचं सगळं मरण तिनं स्वतःकडं ठेवलं होतं आणि जत्रा, गाणी, चहातलं मीठ माझ्याकडं दिलं होतं. कॅमेऱ्यापुढं रडायचं नाही असं विलासदादानं बजावलं होतं, म्हणून मी रडले नाही.

"एक विचारू का?" इनामदारबाई पहिल्यांदाच बोलल्या. आवाज शांत होता आणि म्हणूनच भीती वाटली. "तुम्ही पिक्चर पूर्ण बघता ना?"

शकूनं मान वर केली. तिनं तोंड उघडलं, आणि मला तिचा चेहरा वाचता येत होता. ती खरं सांगणार होती. खरं सांगितलं की सांगली गेली आणि जयसिंगपूर आलं.

"मी नाही बघत," मी म्हणाले. "मी अर्धाच बघते बाई. इंटरव्हल झाली की उठून दुकानात येते. मला पुढचं बघवत नाही. शकू पूर्ण बघते. पुढचं मी तिला विचारतसुद्धा नाही, माझ्या मनानं ठोकून देते. आई वाचली, आई सापडली, ते सगळं माझंच. ती बिचारी मला दर वेळी टेबलावर हात आपटून थांबवायची. गावानं बघितलंय."

"पमे," शकू म्हणाली.

"तू गप्प बस. साहेब, आणि शकूनं आत्ता सांगितलं ते बरोबरच आहे. भाग्योदयमध्ये काल जत्रा शेवटीच होती. आई आधीच मेली. विचारा गावाला."

गावाला विचारायची वेळच आली नाही. टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून दत्त गल्लीतल्या सोनवणेकाकू बोलत होत्या. "पमी खरं सांगतीय. आम्ही कालचा खेळ बघितला. बाई आधी मेली, मग जत्रेला गेली."

दुसरा फोन भाग्योदयच्या मॅनेजरचा. त्याचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू येत होता. शेजारच्या गावचा खेळ आधी संपला होता, पण मोटरसायकलवरून पहिल्या खेपेला उत्तरार्धाचीच रिळं आली, पूर्वार्धाची यायला उशीर झाला आणि पब्लिक खुर्च्या मोडायला उठलं. मग त्यानं हाताशी होती ती रिळं लावून दिली. समाप्तची पाटी आली तेव्हा ऑपरेटरनं मशिनपुढं आपला हात धरला.

"माझ्या पिक्चरवर हात धरला?" सावर्डेकर उभे राहिले.

"साहेब, नाराज होऊ नका," मॅनेजर म्हणाला. "आजचा खेळ सुलटा लावला तर कालचे लोक भांडायला आले. म्हणतात, कालचाच चांगला होता. बायका म्हणतात, काल बघून जेवण गेलं, आज बघून जाणार नाही. उद्यापासून कसा लावू तेवढं सांगा."

सावर्डेकरांनी डोळे मिटले. ते एवढा वेळ मिटून ठेवले की विलासदादानं कॅमेरा हळूच आमच्याकडं वळवला. मग ते म्हणाले, "हाऊसफुल्ल आहे का?"

"उद्याचा आत्ताच झालाय."

"मग उलटाच लावा," असं म्हणून ते खाली बसले आणि पाणी मागितलं. हाताऐवजी समाप्तच्या पाटीवर काळा कागद लावा, एवढी दुरुस्ती मात्र त्यांनी सुचवली.

इनामदारबाई जाताना शकूपाशी थांबल्या. "जे दाखवलं तेच सांगितलंस आणि डायरेक्टर समोर असताना सांगितलंस. एक तारखेपासून ये." मग माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखी मुलगी मला बातम्यांना चालणार नाही गं. पण चहाला ये कधीतरी." मला अजून वाटतं की त्या बाईंना सगळं कळलं होतं.

आम्ही दोघी घरी चालत निघालो. बेदाण्याच्या शेडवरून वास येत होता.

"का गं सांगायचीस खोटं?" कोपऱ्यावर मी विचारलं.

"मी कुठं ठरवून सांगितलं?" शकू एकदम चिडली, आणि चिडल्यावर तिचं खरं बाहेर यायचं. "तू दुकानात आल्यापासून पहिल्यांदा तोंड उघडलंस ते त्या गाडीवाल्याच्या पिक्चरच्या दिवशी. मी आले आणि तू विचारलंस, 'आई वाचते ना?' तुझं तोंड बघून मी म्हटलं, वाचते. मग पुढच्या पिक्चरला परत विचारलंस. एकदा वाचवल्यावर दुसरीला कशी मारू? हात अडकला माझा त्याच्यात."

"सगळ्यांना वाचवत बसलीस?"

"एका पिक्चरला दोन आया होत्या, पमे. त्या दिवशी माझा जीव मेटाकुटीला आला."

मी हसले आणि हसता हसता रडले. आई गेल्यापासून मी असं मोकळेपणानं रडले नव्हते. शकूनं मला रडू दिलं. तिनं आपली ओढणी पुढं केली, आणि माझं नाक पुसून झाल्यावर म्हणाली, "आता ही धुऊन दे. सांगलीला हीच घालून जायचीय."

ती गेली. गावात माझं नाव 'अर्धा पिक्चर' पडलं आणि लग्न होईपर्यंत ते पुसलं गेलं नाही. नवऱ्यानं तर तेच नाव ऐकून मागणी घातली होती. म्हणाला, अर्ध्यात उठून जाणारी बाई घरात भांडण वाढवणार नाही. तो किती चुकला, ते त्याला आता माहीत आहे.

शकू अजून सांगलीत आहे. बातम्या सोडून तिला बरीच वर्षं झाली. नवरा तिला पिक्चर बघताना जागा राहणारा मिळाला. आता तासगावात ना भाग्योदय राहिली ना मामाचं दुकान. पिक्चर फोनवर येतात, मालिका फोनवर येतात, पोरांची कॉमिक्ससुद्धा फोनवर. बघायचं तेवढं बघावं, कुणी इंटरव्हलला उठवत नाही. तरीही नवीन पिक्चर आला की आमची दर शनिवारी फोनवर वादावादी होते.

गेल्या वर्षी शकूची अम्मी गेली. मी सांगलीला जाऊन राहिले. अम्मीच्या हातचं मी एवढं खाल्लं होतं की रडताना कुणाचं कोण गेलंय ते मला कळत नव्हतं. शकू मात्र रडली नाही आणि बोललीही नाही. भांडी घासायची आणि परत घासायची. मी तासगावला आल्यावर बरेच शनिवार तिचा फोन आला नाही.

मग एका शनिवारी मीच फोन लावला.

"नवीन पिक्चर आलाय," मी म्हणाले. "इंटरव्हलपर्यंत तू बघ. पुढचं मी बघते."

तिनं पिक्चरचं नाव विचारून घेतलं. शकूला फसवणं सोपं नाही. हा सगळा धंदा तिनंच काढलेला.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिनं पूर्वार्ध सांगितला, पडल्या आवाजात, पण सांगितला. सायकलींची टक्कर होती, एक गाणं होतं. नायकाची आई स्वभावानं खट होती आणि शकूला ती आवडली होती. मी उत्तरार्ध आधीच बघून ठेवला होता. बघताना दोन वेळा उठून पाणी प्यायले होते.

"मग?" शकूनं विचारलं. "पुढं काय झालं? आई वाचते ना?"

"ठणठणीत," मी म्हणाले. "पोराला घेऊन जत्रेला जाते."